कपड्यावरून माणूस



नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. होटगी स्टेशनकडे जाताना आपल्याच चर्चमधली एक बहीण मला रस्त्यात भेटली. ती रोज सोलापूरला एका शिवणकामाच्या कारखान्यात जाते. दिवसभर मशीनवर बसून शाळेचे गणवेश शिवते. मी विचारले, "नाताळच्या मिस्साला दिसला नाहीत तुम्ही?" आधी तिने पाहुणे आल्याचे कारण सांगितले. मग जरा थांबून म्हणाली, "पोरांना कपडे झालं नाहीत गुर्जी यंदा. जुन्यावर कसं आणायचं?"

मी लगेच म्हणालो, "अहो, देव काय कपडे बघतो का?"

ती हसली. "देव कुठं बघतंय गुर्जी. माणसंच बघत्यात की."

एवढे बोलून ती गाडी गाठायला निघून गेली. मी मात्र तिथेच उभा राहिलो. माझे वाक्य खोटे नव्हते. लहानपणापासून आपण सगळे ते ऐकत आलो आहोत. मग ते तिच्या उपयोगी का पडले नाही? उलट ते बोलल्याबरोबर मलाच ओशाळल्यासारखे का झाले? माझ्या अंगावर त्या दिवशी नाताळचा नवा सदरा होता, हे मला नंतर लक्षात आले.

कपड्याने माणूस ओळखावा की ओळखू नये? साधेपणा हा सद्गुण असेल तर तो कोणी कोणाला शिकवावा? या प्रश्नाचा विचार करता करता मी बराच लांब, पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात जाऊन पोहोचलो. कारण त्या देशात हा प्रश्न चक्क कायद्याने सोडवायचा प्रयत्न झाला होता. आणि त्याच देशातून आपल्या मराठीच्या अंगणात एक माणूस आला होता. ती हकिगत आज आपल्यापुढे ठेवतो.

कायद्याने ठरवलेला कपडा

१४८५ साली इंग्लंडच्या गादीवर सातवा हेन्री आला आणि १५०९ साली त्याचा मुलगा आठवा हेन्री. इटलीत सुरू झालेली नव्या विद्येची लाट, जिला आपण प्रबोधन म्हणतो, ती याच सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्याला लागत होती. व्यापार वाढत होता. लोकरीच्या कापडावर देश श्रीमंत होत होता. कालचा दुकानदार आज सरदारासारखा दिसू लागला होता.

त्या काळी अंगाला लागून पांढऱ्या तागाचा सदरा असे. पुरुषाचा असो की बाईचा, राजाचा असो की मजुराचा, आतला कपडा हाच. धुतला जाई तोही हाच. वरचे लोकरीचे आणि मखमलीचे कपडे पाण्यात घालत नसत. सदऱ्यावर पुरुष डब्लेट नावाची अंगाला घट्ट बसणारी बंडी घालत, पायांना चिकटून बसणारी लांब विजार घालत आणि त्यावर सैल झगा. ऐपत असेल तर त्या झग्याला आतून फर लावलेली असे. बायका सदऱ्यावर लांब अंगरखा आणि त्यावर दुसरा घोळदार झगा घालत. डोक्यावर घराच्या आढ्यासारखे टोकदार शिरोवस्त्र असे.

त्यात एक मजेची फॅशन निघाली होती. वरचे चांगले धडधाकट कापड मुद्दाम जागोजागी चिरायचे आणि त्या चिरांतून आतले दुसरे तलम कापड बाहेर ओढून दाखवायचे. म्हणजे गरीब माणूस फाटलेले शिवत होता आणि श्रीमंत शिवलेले फाडत होता. आजकाल गुडघ्यावर फाटलेली जीन्स जास्त किमतीला मिळते हे पाहून आपण हसतो. पण ही खोड पाचशे वर्षांची आहे.

आता कायद्याकडे वळू. कोणी काय घालावे याचे कायदे इंग्लंडात चौदाव्या शतकापासून होत होते. १४६३ च्या कायद्याने सरदाराच्या खालच्या माणसाला दोन इंचांपेक्षा लांब टोकाचे जोडे घालायला बंदी केली. आठव्या हेन्रीने गादीवर आल्यावर वर्षभरातच, १५१० साली, भारी पोशाखाविरुद्ध नवा कायदा केला. १५१४, १५१५ आणि १५३३ साली त्यात पुन्हा भर घातली. किनखाप कोणी घालावा, मखमल कोणी घालावी, कोणती फर कोणी लावावी, याची वरपासून खालपर्यंत उतरंड लिहिलेली होती. जांभळे रेशीम जवळजवळ राजघराण्यापुरतेच राखून ठेवले होते. आणि सगळ्यात खाली नोकर, मेंढपाळ, शेतमजूर. त्यांनी वाराला दोन शिलिंगांपेक्षा महाग कापड वापरायचे नाही. वापरले तर तीन दिवस खोड्यात. त्या वेळी शेतमजुराची दिवसाची मजुरी साधारण चार पेन्स होती आणि बारा पेन्सचा एक शिलिंग. म्हणजे सहा दिवस घाम गाळून एक वार कापड घेणारा मजूर कितीसा सापडणार? तरीही कायद्याला त्याची धास्ती होती.

कायद्याच्या सुरुवातीला दिलेले कारण मात्र ऐकायला फार चांगले होते. भारी कपड्यांपायी लोक कंगाल होतात, आणि कंगाल झाले की चोरी-लुबाडणूक करतात, म्हणून हा कायदा. यात काय चुकीचे आहे? लग्नाच्या खरेदीपायी व्याजाने पैसे काढणारी घरे आपल्याही माहितीत आहेत.

पण तो कायदा करणारा राजा स्वतः कसा राहत होता? १५२० च्या जून महिन्यात कॅलेजवळ आठवा हेन्री आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यांची भेट झाली. दोन आठवड्यांहून जास्त दिवस तो सोहळा चालला. तंबूसुद्धा जरीच्या कापडाचे होते, म्हणून इतिहासात त्या जागेला किनखापाचे मैदान म्हणतात. मजुराच्या अंगावरचे दोन शिलिंगांचे कापड देशाला बुडवणार होते; राजाच्या तंबूची जर मात्र देशाची शोभा होती.

यावरून पहिली गोष्ट मला समजली. साधेपणाचा उपदेश वरून खाली येतो तेव्हा त्याच्या पोटात बहुधा दुसरेच काही असते. उधळपट्टी थांबवणे हे सांगायचे कारण. खरी भीती ही की खालचा माणूस वरच्यासारखा दिसू लागला तर त्याला ओळखायचे कसे आणि त्याला वाकायला कसे लावायचे. लोकांनी हे कायदे फारसे पाळले नाहीत. पाळले असते तर पुन्हा पुन्हा करावे लागले नसते. शेवटी १६०४ साली ते सगळे रद्द झाले.

सोन्याची साखळी आणि केसांचा सदरा

याच आठव्या हेन्रीच्या दरबारात संत थॉमस मोर होते. त्यांचा सण आपण २२ जूनला संत जॉन फिशर यांच्याबरोबर पाळतो. १९३५ साली दोघांनाही संतपद मिळाले आणि २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मोर यांना राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५२७ साली काढलेले मोर यांचे चित्र प्रसिद्ध आहे. ते आज न्यूयॉर्कमध्ये आहे. त्यात मोर यांच्या अंगावर फर लावलेला झगा आहे, बाह्या तांबड्या मखमलीच्या आहेत आणि गळ्यात राजसेवेची जाड सोन्याची साखळी आहे. दोन वर्षांनी ते लॉर्ड चॅन्सेलर झाले, म्हणजे राजाच्या खालोखाल देशातले मोठे पद.

चित्रात एक गोष्ट दिसत नाही. त्या मखमलीच्या आत ते जनावरांच्या केसांचा विणलेला खरखरीत सदरा घालत. तो अंगाला टोचत राही. प्रायश्चित्त म्हणून ते तो वापरत आणि घरातही कोणाला सांगत नसत. थोरली मुलगी मार्गारेट हिला मात्र ठाऊक होते, कारण तो धुवायचे काम गुपचूप तीच करी. एकदा उन्हाळ्यात जेवायला बसताना त्यांनी वरचा झगा काढून ठेवला होता. गळ्यापाशी आतला सदरा सुनेला दिसला आणि तिला हसू आले. मार्गारेटने हळूच वडिलांना खुणावले. त्यांनी तो झाकून घेतला, पण तो दिसला याचे त्यांना वाईट वाटले.

कोणी म्हणेल, हे ढोंग झाले. आत एक आणि बाहेर एक. पण ढोंगी माणूस बाहेर भक्ती दाखवतो आणि आत चैन लपवतो. मोर यांनी चैन बाहेर ठेवली, कारण पदाला ती लागत होती, आणि तप आत लपवले. साधेपणासुद्धा मिरवता येतो हे त्यांना कळत होते. "बघा, मी किती साधा राहतो" असे ज्याचा सदरा ओरडून सांगतो, त्याचा सदरा मखमलीपेक्षा महाग पडतो.

मोर यांनी १५१६ साली 'युटोपिया' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एका काल्पनिक बेटाची हकिगत आहे. तिथले लोक कामाला चामड्याचे कपडे घालतात आणि ते सात वर्षे टिकतात. बाहेर जाताना सगळे जण लोकरीच्या मूळ रंगाचे सारखेच कपडे घालतात. सोन्याची भांडी ते रात्रीच्या विधीसाठी वापरतात आणि गुन्हेगारांना सोन्याच्या बेड्या घालतात. हिरे-मोती लहान मुलांना खेळायला देतात. एकदा परदेशचे वकील सोन्याने मढून तिथे येतात, तर लोक त्यांना गुलाम समजतात आणि त्यांच्या साध्या कपड्यांतल्या नोकरांना वाकून नमस्कार करतात. एक मुलगा आईला दाखवतो की हा एवढा मोठा माणूस अजून मोत्यांनी खेळतो! गोष्ट गमतीची आहे, पण त्यात मोर यांनी आपल्या गळ्यातल्या साखळीकडे बोट केले आहे असे वाटते.

याच पुस्तकात त्यांनी आणखी एक कडू गोष्ट सांगितली. लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी शेते कुंपणात घातली, तिथे मेंढ्या सोडल्या आणि कुळांना हाकलून दिले. मेंढरे माणसांना खाऊ लागली, असा त्या सांगण्याचा अर्थ. म्हणजे कपडा कोणी घातला एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या पोटावर पाय देऊन तयार झाला हेही पाहावे लागते. सोलापूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. इथल्या जुन्या गिरण्यांचे भोंगे, मग माग, चादरी आणि टॉवेल, यांवर कितीतरी घरे जगली आणि गिरण्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरे बसली.

धर्माच्या बाबतीत राजाची सत्ता मानायला मोर यांनी नकार दिला. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. आदल्या दिवशी त्यांनी तो केसांचा सदरा मार्गारेटकडे पाठवून दिला. मृत्यूच्या सकाळी मात्र त्यांनी मित्राने दिलेला रेशमी झगा अंगावर चढवला. रिवाज असा होता की मेलेल्याचे कपडे जल्लादाला मिळायचे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितले की तो जल्लाद कसला हलका माणूस, त्याच्यासाठी एवढा झगा कशाला? मोर म्हणाले की आज जो माझ्यावर एवढा उपकार करणार त्याला मी हलका कसा म्हणू? शेवटी आग्रहाखातर त्यांनी झगा बदलला, पण जल्लादाला एक सोन्याचे नाणे पाठवले. क्रुसाखाली शिपायांनी आपल्या प्रभूचे कपडे वाटून घेतले होते, ते इथे आठवल्यावाचून राहत नाही.

मोर यांची ही गोष्ट मला फार आवडते. पण तिनेही माझी अडचण सुटत नाही. मोर यांच्या पेटीत रेशीम होते. त्यांनी केसांचा सदरा निवडला. आमच्या त्या बहिणीने काय निवडले? ज्याच्या पेटीत रेशीम आहे त्याने सुती घातले तर तो साधेपणा. ज्याच्या पेटीत काहीच नाही, त्याच्या अंगावरच्या जुन्याला साधेपणा म्हणून गौरवणे ही त्याची थट्टा आहे. निवड असेल तरच सद्गुण असतो.

नोकराच्या वेशातला पाहुणा

मोर यांच्यानंतर चौदा वर्षांनी, १५४९ साली, इंग्लंडात थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. आपण त्यांना फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. हे मराठी ओव्यांतले पुराण एका इंग्रजाने लिहिले, हे आपल्याला माहीत असते. पण तो इंग्रज कपड्यांच्या कोणत्या जगातून आला होता हे सहसा सांगितले जात नाही.

त्यांच्या तरुणपणी इंग्लंडात कॅथलिकांना उघडपणे राहणे अवघड झाले होते. थॉमस पाउंड नावाचे त्यांचे एक श्रीमंत मित्र होते. हे पाउंड एके काळी राणी एलिझाबेथच्या दरबारात झगमगीत पोशाखासाठी आणि नाचासाठी नावाजलेले. असे सांगतात की नाताळच्या समारंभात राणीसमोर नाचताना त्यांचा तोल गेला आणि ते पडले. राणीने त्यांना बैल म्हणून हिणवले. त्या दिवसापासून त्यांचे मन दरबारातून उडाले. पुढे धर्मासाठी त्यांनी सुमारे तीस वर्षे तुरुंगवास सोसला. या पाउंड यांच्याबरोबर स्टीफन्स काही काळ देशात फिरले ते त्यांचा नोकर म्हणून, नोकराच्या वेशात.

ज्या देशात कपडा पाहून माणूस ठरवायचा कायदा होता, तिथे नोकराचा कपडा घातला की माणूस दिसेनासाच होई. मालकाकडे सगळे पाहत. त्याच्या मागच्या नोकराच्या तोंडाकडे कोण पाहणार? पुढे १५८० साली संत एडमंड कॅम्पियन इंग्लंडात परतले ते जवाहिऱ्याच्या वेशात. एकाने खालचा वेश घेतला, एकाने वरचा. दोन्ही चालून गेले, कारण लोक कपडा पाहून थांबत होते.

स्टीफन्स रोमला जाऊन १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते इथेच राहिले. आपली भाषा, आपला देशी वेश त्यांनी इथल्या लोकांवर लादला नाही. त्यांनी प्रभूची कथा मराठीच्या ओवीत सांगितली. ज्याने कधी नोकराच्या कपड्यात राहून पाहिले होते, त्याला दुसऱ्याच्या वेशाचा मान कळला असावा, असे माझे मन म्हणते.

दुर्दैवाने गोव्यात सगळे असे वागले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तिथल्या इन्क्विझिशनने १७३६ साली फर्मान काढले आणि ख्रिस्ती झालेल्यांना कितीतरी देशी चालीरीती बंद केल्या. त्यात पुरुषांचे धोतर आणि बायकांची चोळीसुद्धा होती. प्रभूवरच्या श्रद्धेचा चोळीशी काय संबंध? काही नाही. पण सत्ता हातात आली की माणसाला दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्याला हात घालावासा वाटतो. लंडनच्या राजाला वाटला आणि आपल्या धर्माचे नाव घेणाऱ्यांनाही वाटला. दुसऱ्याचे दोष दाखवताना आपले झाकू नयेत.

महाडची साडी

आपल्या देशात असे कायदे संसदेत करावे लागले नाहीत. ते आधीच होते. मनुस्मृतीत चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे घालावीत आणि लोखंडाचे दागिने वापरावेत असे सांगितले आहे. गावोगाव कोणी कशी साडी नेसायची, कोणी जोडे घालायचे आणि कोणी काढून हातात धरायचे, हे ठरलेले होते. त्रावणकोरात नाडार बायकांना, त्यांत कितीतरी ख्रिस्ती होत्या, अंग झाकायचा हक्क मिळवण्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले. १८५९ साली तिथल्या राजाने त्यांना परवानगी दिली.

२५ डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे नाताळच्याच दिवशी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. ज्या नेसणीवरून आणि ज्या कथलाच्या-चांदीच्या जड दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, ते टाकून द्या. साडी इतर बायका नेसतात तशी नेसा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बायकांनी ते तिथेच मनावर घेतले आणि नेसण बदलली.

हा नट्टापट्टा होता का? चैन होती का? शेकडो वर्षे अंगावर लिहून ठेवलेली जात त्या बायकांनी अंगावरून उतरवून ठेवली.

गांधीजी विलायतेत बॅरिस्टर झाले, सूट-टाय वापरत होते. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईला त्यांनी कपडे उतरवून पंचा स्वीकारला. बाबासाहेब कोलंबियाला आणि लंडनला शिकून आले आणि सूट वापरत राहिले. एकाने विलायती कपडा काढला, एकाने घातला. यांत बरोबर कोण, असा वाद आपल्याकडे पुष्कळ चालतो. मला वाटते दोघांनी एकच गोष्ट केली. जन्माने जो कपडा ज्याच्या वाट्याला दिला होता, तो त्याने नाकारला. दिवाणाच्या मुलाने गरिबाचा पंचा घेतला. ज्याच्या समाजाला उतरलेली वस्त्रे घालायला सांगितली होती, त्याने कडक इस्त्रीचा सूट घातला. दोघांचे कपडे उलटसुलट बदलले असते तर दोन्हींचा अर्थ गेला असता.

१९३८ च्या सुरुवातीला बाबासाहेब आपल्या सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलले होते. समाजातल्या अन्यायाकडे तुम्ही लक्ष देत नाही, असा बोल त्यांनी त्या वेळी ख्रिस्ती समाजाला लावला होता. तो बोल जुना झाला आहे असे मला वाटत नाही.

मग काय करावे?

माझ्यावर एक आक्षेप येईल. गुरुजी, गरिबाने चांगला कपडा मागणे हा जर मानाचा प्रश्न असेल, तर मग कर्ज काढून सूट-गाऊन शिवणाऱ्यांना तुम्ही काय सांगणार? त्यांनाही मान हवाच आहे.

आक्षेप खरा आहे. मानाची भूक आणि मिरवण्याची भूक बाहेरून सारखीच दिसते. फरक ओळखायची एक साधी खूण मला सापडली आहे. मानाची भूक भागते. दुसऱ्यासारखा स्वच्छ, नीट कपडा मिळाला की माणूस मोकळेपणाने बसतो. मिरवण्याची भूक भागत नाही, कारण तिला दुसऱ्यासारखे नको असते, दुसऱ्यापेक्षा जास्त हवे असते. शेजारणीने तेवढाच घेतला की आपला फिका पडतो. महाडच्या बायकांना इतर बायकांसारखे व्हायचे होते. किनखापाच्या मैदानावर दोन राजांना एकमेकांपेक्षा वरचढ दिसायचे होते.

पण ही खूण प्रत्येकाने आपल्याच कपाटाला लावून पाहायची आहे. दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा पाहून याला मान हवा की मिरवायचे आहे, हे आपण ठरवायला लागलो की आपणही छोटे आठवे हेन्री झालो.

आणि एवढ्यानेही काम भागत नाही. संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्याला माहीत आहे. सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या कपड्यांतला असे दोघे सभेत येतात. याकोब अंगठीवाल्याला रागावत नाही आणि मळक्या कपड्यांतल्याला धीर धरायलाही सांगत नाही. जे आधीपासून बसलेले आहेत, आणि एकाला चांगली जागा देऊन दुसऱ्याला पायाशी बसवतात, त्यांना तो धारेवर धरतो. म्हणजे बोलणे त्यांच्याशी आहे ज्यांचे डोळे कपड्यावर आहेत.

त्या बहिणीने नेमके हेच सांगितले होते. माणसे बघतात. तिचा प्रश्न तिच्या कपड्यांचा नव्हताच, आमच्या डोळ्यांचा होता. आणि मी तिला देवाचे नाव सांगून गप्प करत होतो. देव कपडे बघत नाही हे वाक्य मी माझ्या आरशासमोर उभे राहून स्वतःला सांगायचे असते. दुसऱ्याला सांगितले की त्याचा कायदा होतो.

एक गोष्ट मला राहून राहून टोचते. ती बाई गणवेश शिवते. तिच्या हातचा कपडा घालून कुठल्या तरी शाळेत सावकाराचे पोर आणि मजुराचे पोर एका बाकावर सारखे दिसत असेल. दुसऱ्यांच्या मुलांमधला फरक ती रोज आठ तास बसून मिटवते, आणि स्वतःची मुले घेऊन चर्चच्या दारापर्यंत येऊ शकत नाही. हा दोष तिचा कसा?

आपले चर्च मोठे नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून कोण कशात आले हे लगेच दिसते आणि कोण आलेच नाही हेही दिसायला हवे. प्रथम कम्युनियनच्या मुलांना सगळ्यांना एकाच कापडाचे साधे पांढरे कपडे शिवता येतील, आणि ते शिवणारे हात आपल्यातच आहेत. लग्नात मुलीचा गाऊन केवढ्याचा हे विचारायचे आपण बंद करू शकतो. यासाठी कुठल्या राजाचा हुकूम नको.

मी त्या दिवशी काय म्हणायला हवे होते ते मला उशिरा सुचले. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. म्हणेन, "चला, मुलांना घेऊन या. आहे तेच घाला. मीही माझा जुना सदरा घालून आलोय. आपण एकाच बाकावर बसू."

ती येईल की नाही, माहीत नाही. पण आली तर वळून पाहू नका. जरा सरकून जागा द्या.